पोह्यांचा चमचा

मंगळवार, संध्याकाळ

उद्या धनश्रीची औषधाचं माप काढायची परीक्षा. नर्सिंगचं पहिलं वर्ष. दहापैकी दहा गणितं बरोबर आली तरच वॉर्डात पाऊल. सरावात एक चुकलं म्हणून पोरगी रडकुंडीला आलेली. मी सवयीनं बोललो, "नऊ आली की! एवढ्यावर लोक मंत्री होतात. थोडं इकडंतिकडं झालं तर काय बिघडतंय?"

ती हसली नाही. "पप्पा, आज्जीला खोकल्याचं औषध कशानं देता?"

"चमच्यानं. एकेक चमचा, तीनदा."

"कुठला चमचा?"

पोह्यांचा चमचा आणून दिला. तिनं सिरिंजनं त्यात पाणी सोडलं. पाच मिलीला भरायला हवा होता, दहाला भरला. म्हणजे दुप्पट. आठ दिवस आई बसल्या जागी पेंगतेय आणि मी तिला 'रात्रपाळीचा वॉचमन' म्हणून चिडवतोय. बाटलीवरचं मापाचं झाकण? चिकट झालं म्हणून मीच फेकलं. पोह्यांचा चमचा, वा रे शहाण्या!

डॉक्टरांना फोन केला. औषध बंद करा, सकाळी घेऊन या, घाबरू नका, म्हणाले. धनश्री पुन्हा गणितांना बसली. दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मग आईजवळ गेलो. "आई, औषध जास्त जात होतं. चूक माझी. त्यानंच तुला झोप येत होती."

तिनं पदर सारखा केला.

"व्हय? मला वाटलं, माझं दिस भरत आलं."