केओमानी मावशीचं घर

उत्तर लाओस,
१९ जानेवारी

प्रिय ताई,

प्रभूच्या नावाने सलाम. तू चर्चला येणं सोडलंस तेव्हापासून तुला पत्र कसं सुरू करावं, हेच मला सुचत नाही. तुझ्या दासोलचा खोकला गेला का? भावजींची बुसानची बदली झाली की अजून लोंबकळतेच आहे?

मी बरी आहे. चर्चमधून आलेले आम्ही चौघेही बरे आहोत. इथे सकाळी इतकं गार असतं की आम्ही अंघोळीला निघालो की थेमुक दाराबाहेर उभा राहून मोठ्याने प्रार्थना करतो, "हे प्रभू, या बहिणींना धैर्य दे." मग केओमानी मावशी त्याच्यावर खेकसते.

मावशीच्या घरीच आम्ही उतरलोय. तिने आपल्याकडे नोनसानच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत बरेच हंगाम मजुरी केली. कोरियन तिथल्या म्हाताऱ्या बायकांकडून शिकली, त्यामुळे बोलते ती शिव्यांसकट. पहिल्याच जेवणाला येरामला म्हणाली, "काय गं पोरी, भात खातीस का शितं मोजतीस? गिळ की गपगुमान." प्रभूची ओळखही तिला तिथेच झाली, मळ्यामागच्या लहानशा चर्चमध्ये.

आमचा दिवस ठरलेला आहे. उठून चौघांनी मिळून बायबलमधलं वचन वाचायचं, चिकट भात आणि तिखट चटणी खायची, मग शाळेच्या व्हरांड्यात दातांचं शिबिर. मी दात काढते. येराम मुलांना ब्रश धरायला शिकवते. थेमुक बॅटरी धरतो आणि पेशंटला हसवतो, त्यामुळे मला त्यांच्या तोंडात काही करताच येत नाही. बाकी सगळं, म्हणजे परवाने, गाड्या, आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांचे फोन, दोग्युन बघतो. तो कसा आहे म्हणून विचारशील. बरा आहे.

ताई, हे पत्र टपालाने येणार नाही, येराम तुझ्या हातात देईल. ती, थेमुक आणि दोग्युन परत येताहेत. मी त्यांच्याबरोबर नाही. बाबांना हे तुलाच सांगावं लागेल, म्हणून नीट सांगते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आमच्याकडे परवाना होता तो फक्त दात तपासायचा; सरकारी परवानगीवाचून घरात प्रार्थना भरवायला इथे बंदी आहे. मावशीने आल्याआल्या बजावलं होतं, "दात बघा, काय बी करा. पर गाणी अंगणात नगोत, आन कुणाचं फोटू नगोत. तुमी इमानात बसून जाल. मला हितंच ऱ्हायचंय." दोग्युनने सर्वांदेखत मान हलवली होती.

रविवारी तिच्या वरच्या खोलीत प्रार्थना झाली. शेजारच्या काही बायका होत्या. खिडक्या लावून, इतक्या हळू आवाजात गायलो की गाण्यापेक्षा श्वासच ऐकू येत होते. येराम रडत होती. रडता रडता तिने फोन धरला आणि सगळं चित्रित केलं. पाळकसाहेबांनी दोग्युनला कळवलं होतं की दातांचे फोटो पुष्कळ झाले, आता आत्म्यांचं काम, प्रार्थना दाखवा. त्याने ते येरामला सांगितलं. तिने पाठवलं, आणि चर्चच्या पानावर ते सगळ्या जगाला दिसलं. याच गावातल्या, शहरात नोकरीला असलेल्या कुणालातरी ते दिसलं, आणि त्याने ते गावात धाडलं.

दुसऱ्या दिवशी गावप्रमुख शिबिरात येऊन रांगेत सगळ्यांच्या मागे बसला. मला वाटलं, दाढ दुखत असेल. समोरच्या आजोबांची दाढ काढून होईपर्यंत तो थांबला. आजोबांनी ती कागदात बांधून खिशात टाकली नि गेले, मग तो पुढे आला. मी म्हटलं, "आ करा." त्याने तोंड उघडलं नाही. फोन माझ्यासमोर धरला. चित्र थांबवून मोठं केलेलं होतं, आणि त्यात मावशीचा चेहरा होता, डोळे मिटलेला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "ही कोण?"

तो रागावला नव्हता, घाबरला होता. आमच्या परवान्यावर त्याचीही सही आहे.

दुपारी तालुक्याच्या कचेरीची जीप आली. मावशी जिना उतरून आली, पदरासारखा खांद्यावरून घेते तो पंचा नीट केला आणि म्हणाली, "चुलीवर भात हाय. करपू देऊ नका." मग त्या माणसांना कळू नये म्हणून कोरियनमध्ये, "म्याच बोलावलं म्हून सांगणार हाय. तुमी तोंड मिटून ऱ्हावा." आणि जीपमध्ये बसली.

आम्ही तिच्या चुलीभोवती बसून राहिलो. येरामने भात उतरवला. दोग्युन म्हणाला, "सकाळच्या बसने निघायचं. आपण इथे थांबलो तर तिचंच प्रकरण वाढेल. राजधानीत जाऊन कुणाशी तरी बोलू."

"कुणाशी?" मी विचारलं.

"पाळकसाहेब सांगतील."

थेमुक, जो कधी धड बोलत नाही, तो म्हणाला, "तिच्या घरातला भात खाल्ला आणि तिलाच आत बसवून निघायचं?"

"भावनेच्या भरात बोलू नकोस."

"परवाना माझ्या नावावर आहे," मी म्हटलं. "मी गेले तर उत्तर द्यायला ती एकटी उरते."

दोग्युन मला बाहेर हापशापाशी घेऊन गेला. अजून उजेड होता, बायका पाणी भरत होत्या, आम्हाला पाहून बोलायच्या थांबल्या. तो हळूच म्हणाला, "एप्रिलमध्ये आपलं लग्न आहे, हेवॉन. तुझ्या बाबांना मी काय सांगू?"

मी वाट पाहिली, की आता तरी तो मावशीचं नाव घेईल. त्याने घेतलं नाही. तो वाईट नाही, ताई, भेदरला होता. मीही भेदरलेलीच आहे, अक्षरावरून तुला कळेलच.

सकाळी मी गावप्रमुखाबरोबर कचेरीत गेले. अधिकारी तरुण होता, थकलेला, सभ्य, इंग्रजी जाणणारा. मी सांगितलं, शिबिर माझं, बैठक आम्ही घेतली, चित्रीकरण आमचं. या बाईने फक्त राहायला जागा दिली. त्याने पासपोर्ट आणि फोन ठेवून घेतला आणि चौकशी संपेपर्यंत तालुक्याच्या गावातून हलायचं नाही म्हणाला. सामान न्यायला तेवढं आज मला मावशीच्या घरी येऊ दिलंय, आणि बाकीचे तिघे उद्याच्या बसने निघतील. मावशी अजून आतच आहे. ती काय सांगतेय, मला माहीत नाही.

येराम थांबते म्हणत होती. मीच तिला जा म्हटलं. तिच्यावर रागावू नकोस, तिला घरात घे आणि काहीतरी गरम खायला दे.

बाबांना सांग, मी बरी आहे. तेवढंच सांग.

तुझी,
हेवॉन

०

हानोई,
२ फेब्रुवारी

ताई,

काल मला सीमेपर्यंत आणून सोडलं. दंड झाला, आणि त्या देशात पुन्हा यायला बंदी. फोन परत मिळालाय, पण काही गोष्टी घरी बाबांसमोर बोलता येणार नाहीत, म्हणून लिहून ठेवते. आल्यावर हे तुझ्या हातात देईन.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती, ते दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर, म्हणून. रविवारची ती बैठक आम्ही घेतलेली नव्हती. त्या बायका मावशीच्या घरी आम्ही यायच्या किती आधीपासून जमतात. आम्ही फक्त त्यांच्यात जाऊन बसलो. कचेरीत मी सरळ खोटं बोलले, सही करून. त्या अधिकाऱ्याने पेन उचललं. म्हणाला, "मग गाणी त्यांना शब्दन् शब्द पाठ कशी?" मी म्हटलं, "आम्ही शिकवली." त्याने पेन खाली ठेवलं, आणि मग लिहिलं. त्याला पटलं असेल असं मला वाटत नाही. का लिहिलं, ते त्यालाच ठाऊक. त्या खोट्याबद्दल मी रोज क्षमा मागते, आणि पुन्हा वेळ आली तर तेच बोलेन हेही मला माहीत आहे. आता अशी प्रार्थना कुठे बसते ते बायबल पाठ असलेल्या बाबांनाही सांगता येणार नाही.

मावशीला त्यांनी घरी सोडलं. मी निघायच्या आदल्या दिवशी ती तालुक्याच्या बाजारात आली. वाळली होती. मी उतरले होते त्या खानावळीत समोर बसली आणि माझ्या ताटातलं बघून म्हणाली, "तू बी आता शितं मोजायला लागलीस व्हय?" मला हसू आलं नि रडूही.

मी विचारलं, "बायका येतात?"

"न्हाई. कुणी येत न्हाई. दीर बोलत न्हाई. म्या कातल्यालं सूत घ्यायला बी कोन दारात येत न्हाई." मग म्हणाली, "व्हईल. येतील. येळ लागंल."

"माझ्यावर रागावलीस, मावशी?"

"रागावले तर व्हते. तू कचेरीत आलीस तवा जास्तच. म्हनलं, ही येडी कशापायी माघारी आली." तिने माझा हात धरला. "त्या रडव्या पोरीला सांग, आता रडू नगं. तू परत येऊ नगंस. दुसऱ्या कुणाला धाडू नगा. पैसं नगोत, कापडं नगोत. आन प्रार्थनेत माझं नाव मोठ्यानं घेऊ नगा."

एवढं बोलून ती उठली आणि बाजारात मिसळून गेली.

दोग्युनचा निरोप आलाय. तो विमानतळावर येणार म्हणतो. त्याला मी अंगठी माझ्या हातानेच परत करणार आहे, तू मध्ये बोलू नकोस. आणखी एक निरोप पाळकसाहेबांचा आहे. येत्या रविवारी चर्चमध्ये मंडळीसमोर मी साक्ष द्यायची, देवाने सुटका कशी केली त्याची. बाबांनी सगळ्या नातेवाइकांना बोलावलंय.

मी साक्ष देणार नाही. सांगायला गेले तर तिचं घर पुन्हा सगळ्यांना दाखवावं लागेल. माझं नाव पुकारतील, मी जागेवरून उठणार नाही, आणि बाबा मान वळवून माझ्याकडे बघतील. त्यांचा चेहरा मला आत्तापासून दिसतोय.

ताई, त्या रविवारी येशील का? प्रार्थना करू नकोस, गाऊ नकोस. फक्त माझ्या शेजारी बस.

तुझी धाकटी,
हेवॉन