डावीकडचा बाण

३ जून
परत गेलं सगळं! पाच पानं भरून झाली होती. चौथ्यावर काय लिहिलं ते बघावं म्हणून वरच्या कोपऱ्यातला डावीकडचा बाण दाबला — 'आपले सत्र समाप्त झाले आहे.' कसलं सत्र? मी इथेच तर बसले होते.

अर्ज ह्यांच्यासाठी. विस्मरण झालेल्या माणसांना सांभाळणारी निवासी संस्था आहे, तिथे एक खोली रिकामी होते आहे. अर्ज फक्त कॉम्प्युटरवरून.

४ जून
पुन्हा तेच. राग यायला हवा. येतो, पण शेजारच्या घरातून ऐकू आल्यासारखा.

५ जून
चिरंजीवांना फोन लावला. असल्या वेबसाइट बनवणं हाच त्यांचा धंदा.

"आई, ब्राउझरचं बॅक दाबायचंच नाही. पानाच्या खाली 'मागील' असं बटण असतं, ते दाबायचं."

"मग वर बाण कशाला ठेवलाय? शोभेला?"

"तो वेबसाइटचा नाही गं. तो फक्त आधीचं पान डोळ्यांपुढे आणतो. पलीकडे सर्व्हर, म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर, पुढच्याच पानावर असतो."

"म्हणजे मी मागे आणि तो पुढे. आणि हे तुम्हा लोकांना ठाऊक आहे?"

"सगळ्यांना ठाऊक आहे."

ठाऊक आहे, आणि सुधारत नाहीत! माणूस मागे जाणारच. शाळेत सिस्टर सांगायच्या, चुकलं तर रबर लावू नका, एक सरळ रेघ मारा आणि वर बरोबर ते लिहा. इथे रेघ मारायला गेलं की वहीच काढून घेतात.

फोन ठेवताना म्हणाले, "आणि एवढी घाई काय आहे? तू आहेस ना."

हो. आहे.

८ जून
ह्यांनी आज विचारलं, "मॅडम, तुमच्या घरचे तुम्हाला न्यायला कधी येणार?"

चहा दिला. "थँक यू" म्हणाले. नवरा होते तेव्हा कधी म्हणाले नव्हते.

९ जून
गेला एकदाचा अर्ज! तिसरं पान रुग्णाचं. 'रुग्ण पत्नीस ओळखतो का?' होय वर खूण केली आणि पुढे गेले. चौथं पान काळजी घेणाऱ्याचं, म्हणजे माझं. नाव, वय, रक्तदाब, गुडघे. सगळं लिहून झालं आणि वाटलं, मागे खोटं लिहून आलेय. बोट सवयीने बाणावरच गेलं. या वेळी सत्र-बित्र काही संपलं नाही. तिसरं पान जसंच्या तसं समोर. 'नाही' वर खूण केली. पुढे गेले तर माझं पान कोरं! पुन्हा भरलं. उरलेलीही भरली. पाठवलं.

हलकं वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही. भांडी घासली.

१२ जून
अंघोळ घालताना हे मला चावले. दंडाला. लागलं असावं.

१७ जून
मेल आली. खोली मंजूर, शुक्रवारपासून. रुग्ण — माझं नाव, माझं वय, माझे गुडघे. काळजी घेणार कोण? हे!

चिरंजीव हसून हसून बेजार. "अगं, तू बघत होतीस तिसरं पान, सर्व्हर समजत होता चौथं. बाबांची माहिती तुझ्या जागी गेली, तुझी बाबांच्या. तिथल्या ऑफिसात फोन कर, नावं उलटी करून देतील. दोन मिनिटांचं काम."

"मग तू कर."

"मला मीटिंग आहे गं. आणि नाहीच जमलं तर राहू दे. तुला सवय झालीये आता त्यांची."

मेलमध्ये खोलीचा फोटो आहे. एक पलंग, एक खुर्ची, खिडकी. बराच वेळ बघत बसले. हे शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "छान आहे हो, मॅडम. तुमची का?"

१८ जून
ऑफिसात फोन केला नाही.

१९ जून
बॅग भरली. माझी. चिरंजीवांना कळवलं — मी शुक्रवारी सकाळी निघते. बाबा घरीच आहेत. तू गुरुवारी रात्रीपर्यंत इथे पोच.