मागच्या खोलीचा पडदा

प्रिय ठिगळे,

हे पत्र तुला स्वयंपाकघराच्या पडद्याच्या खालच्या दुमडीत सापडलं असेल. राखाडी कापडाला पिवळ्या दोऱ्याची तुरपाई दिसली की तुझ्या हाताला खाज सुटणार आणि तू ती उसवून बघणार, एवढ्या भरवशावर ते तिथे घातलंय. दाराकडे तोंड करून वाच. वाचून झालं की बारीक तुकडे कर आणि मोरीत सोडून दे. टपालाने पाठवलं असतं तर मेव्हण्यांनी आधी फोडलं असतं, आणि तुझा फोन हल्ली स्पीकरवरच असतो. मी कशी आहेस विचारते, तू मजेत म्हणतेस, आणि मागे चाललेला त्यांच्या चमच्याचा आवाज थांबतो.

पडदे शिवायच्या निमित्ताने मी वर्षाकाठी शंभरेक घरांत शिरते. गिऱ्हाइकाला वाटतं मी खिडकीचं माप घेतेय, पण माझं अर्धं लक्ष घरात असतं. एका म्हाताऱ्या घड्याळजीने तर बंद पडलेली घड्याळं बैठकभर टांगलीत, प्रत्येकात वेगळी वेळ. जेवणाच्या टेबलामागची भिंत तेवढी बायकोने भांडून स्वतःकडे घेतलीय आणि तिथे तिची लोकरीची फुलं. अगं, इतकी भयाण फुलं मी उभ्या जन्मात पाहिली नाहीत. पण ती बाई त्या फुलांखाली अशी ऐसपैस बसते ना, की बघत राहावं. सुंदर घर म्हणजे महागाचं, चकचकीत, असं मला कधीच वाटलं नाही. घरात राहणाऱ्या प्रत्येकाची आवड कुठेतरी दिसायला हवी, वेडीवाकडी का असेना. ती दिसली नाही तर ते माणूस तिथे राहत नसतं, नुसतं पाहुण्यासारखं उतरलेलं असतं.

आणि आवडीनिवडीत तर तुझा हात कुणी धरला नसता. दप्तर फाटलं तेव्हा आईने त्याच रंगाचा तुकडा लावून दिला, तो उसवून तू लालभडक ठिगळ लावलंस, तेव्हापासून तू ठिगळी. लग्नाआधीच्या तुझ्या खोलीत तीन खुर्च्या तीन रंगांच्या आणि कपांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तुझ्याकडे यायचं तर गॉगल लावून यावं लागतं, असं मी चिडवायचे. लग्नानंतर तोच पसारा एकेक करून माझ्या दुकानात यायला लागला. आधी पिवळी उशी आली, मग कप, मग आईच्या कपड्यांची गोधडी. तिकडे जागा नाही गं, असं तू म्हणायचीस. तुमच्याकडे चार खोल्या आणि माणसं दोन! मी सगळं माळ्यावर रचत गेले आणि वर तोंड करून म्हणाले की आता कुठे तुला टापटीप कळायला लागली. ते बोलणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्याहून वाईट म्हणजे तुमच्या घरभरचे राखाडी पडदे मीच शिवले. मेव्हणे दुकानात आले, गोड बोलले, सगळ्या खिडक्यांना एकच कापड निवडलं. तिला एकदा विचारू या का, म्हटलं, तर म्हणाले तिला रंगातलं काही कळत नाही. तुला! आणि नातं सांभाळायचं म्हणून मी मूग गिळून बसले. मग गेल्या महिन्यात तुमच्याकडे आले. भिंती पांढऱ्याफटक, टेबल रिकामं, कपाटं बंद. बघणाऱ्याने वाहवा करावी असं घर. तू मला पाणी दिलंस आणि खुर्चीमागे उभी राहिलीस. मेव्हण्यांनी मान हलवल्यावर बसलीस, स्वतःच्या घरात. मी पेला उचलला की खालचा ओला गोल तू बाहीने पुसत होतीस. बाही वर सरकली तेव्हा माझी नजर तुझ्या मनगटावर गेली आणि तू ती झटकन खाली ओढलीस. मी काही विचारलं नाही. त्याचा राग नंतर तुझ्यावर निघेल म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे तू काय सांगशील याचीच मला भीती वाटली.

परवा तुझा नवरा स्वयंपाकघराचा पडदा दुरुस्तीला घेऊन पुन्हा दुकानात आला; त्याच पडद्यात हे पत्र शिवून मी तो परत धाडतेय. मागच्या छोट्या खोलीला पडदा हवा म्हणाला. दुहेरी अस्तर, उजेडाचा कवडसाही आत यायला नको. इथवर ठीक, असे पडदे मी खूप शिवलेत. पण याला कड्या नकोत, दांडी नको, मधे फट नको. एकसंध कापड, आणि ते चारही बाजूंनी पट्ट्या मारून चौकटीला ठोकायचं. वीस वर्षांत असं काम कुणी सांगितलं नव्हतं. न उघडणारा पडदा कुणी कशाला शिवून घेईल? खोलीत काय असणार, विचारलं. पलंग, म्हणाला. कुणासाठी, विचारलं. तेव्हा हसला आणि म्हणाला, "तिला हल्ली उजेडाचा त्रास होतो." ठिगळे, खिडकीजवळच्या अंथरुणासाठी माझ्या झिंज्या उपटणारी तू! मीही हसले, वहीत माप लिहून घेतलं आणि गुरुवारी सकाळी अकराला लावायला येते म्हणून सांगितलं. तो घरी थांबणार आहे. थांबू दे. माझ्याबरोबर दोन दणकट सुतार असतील, त्यांना सगळं सांगितलंय, आणि गाडी दारात चालूच असेल. सामान बांधू नकोस, त्याच्या लक्षात येईल. पायात चपला तेवढ्या असू देत. टेप धरायला ये, अशी मी दारातून हाक मारीन, की तू सरळ बाहेर चालू लाग आणि तो काहीही म्हणाला तरी थांबू नकोस. गुरुवारी माझं काय होईल देव जाणे. पण मी येणार आहे, आणि ते कापड मी कापलेलं नाही.

तुझीच, भित्री पण येणारी,
ताई