बाटलीवरचं नाव

भवानी पेठ, सोलापूर

चिरंजीव एकनाथास आईचे अनेक आशीर्वाद.

मी तुझ्या बहिणीकडे, शकूकडे खुशाल आहे. गुडघाही बरा आहे. सूनबाईचा खोकला थांबला का?

तुझा वेणू पुण्याच्या कॉलेजातून सुटीला आला, तो दुधनीला तुमच्याकडे न येता इथेच राहिला आणि अंगणात शाई करतो. शकूची फरशी काळी झाली, ती ओरडते, ओरडू दे. हे पत्र मी सांगते नि शकू लिहिते, तेही त्याच्याच शाईने. बघ की, कशी काळीभोर! बाटलीवर छापलंय, 'गोदावरी शाई'. सही करताना जिला घाम फुटतो, तिच्या नावाची शाई! त्या अक्षरांवरून मी दिवसातून दहादा बोट फिरवते.

पण माझं नाव का, ते ऐक. तूच त्याला लिहिलंस ना, "बी. ए. होऊन दुकानदारी करायची तर माझं आडनाव लावू नकोस, कचेरीत मला तोंड दाखवता येणार नाही"? आता कॉलेजातला सोबती आला की पोर शाईचे हात पाठीमागे लपवतं, चोरी केल्यासारखं. ही लाज तूच त्याला पोस्टाने धाडलीस.

बाटली घ्यायला येणारे मला विचारतात, "आजी, पोराला बाप नाही का?"

त्यांना काय सांगू, तेवढं उलट टपालाने कळव.

तुझी आई