लियमच्या आजोबांचं नाव

हॅमिल्टन

तीर्थरूप बाबांस,

निवेदिताचा नमस्कार. आम्ही इथे ठणठणीत आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांचं ऐकता, की अजून रेसकोर्सवर जाता?

लियमला स्वतःच्या आजोबांचं नाव सांगता येत नाही, म्हणून सिद्धीच्या लग्नाला येणार नाही म्हणालात. खरंच आहे. तुम्हाला घोड्यांच्यासुद्धा सात पिढ्या पाठ!

तुमची नात सिद्धी घोड्यांची डॉक्टर. ती म्हणते, "आजोबांना लिही, इंग्रजांनी अमेरिकेत पहिले जातिवंत घोडे जहाजाने नेले, तेव्हा तिथल्या माद्यांचं कूळ कुणी विचारलं होतं? तरी शिंगरं पळालीच ना!" मी म्हटलं, "हे नवऱ्या मुलाला ऐकवू नकोस."

पण गुरुजींना संकल्पासाठी नवरदेवाचे वडील, आजोबा, पणजोबा अशी तिघांची नावं हवीत. लियमला आईने एकटीने वाढवलं. काल तो चाचरत मला म्हणाला, "सिद्धीच्याच आजोबांचं नाव माझे आजोबा म्हणून सांगितलं तर चालेल?"

तसं केलं तर दोघं भावंडं ठरतील, हे त्या खुळ्याला सांगायचा मला धीर झाला नाही.

तुम्हीच येऊन सांगा.

तुमची,
निवेदिता