दळपत राजाची वाटणी

७ ऑक्टोबर १९५६, तामसी

किसनशी पुन्हा वाजलं. तामसी-किनवटच्या भाऊबिजेच्या नाटकातली राणी हा. कापूस वेचून हातांना घट्टे, पण पदर असा सावरतो की बायका बघत राहतात. रागही राणीचाच. किनवटच्या मंडळींना राळ उडवायला शिकव म्हटलं. मशालीवर चिमूट कशी टाकायची, जाळ कसा उठवायचा, एवढंच. किनवट पुढच्या महिन्यात मुंबई राज्यात जाणार, तर म्हणे, "ते आता मुंबईवाले होऊन राह्यले. त्यायले काऊन शिकवू?" म्हटलं, लेका, तुला लुगडं नेसायला कुणी शिकवलं? किनवटच्याच नागोरावानं ना? ते कबूल. शिकवायला मात्र तयार नाही.

दोन्ही गावांच्या सामाईक सामानाचा नियम एकच: येतं ते लपवायचं नाही. मागेल त्यानं पडदे न्यावेत, भाडं नाही, बदल्यात आपल्याला जे येतं ते पुढच्याला शिकवावं. माझ्याच दुकानाच्या ओट्यावर बसून मीच केला तो. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

१२ ऑक्टोबर

नागोराव आला, आदिलाबादला बस बदलून. नाटकात हाच राजा दळपत. आल्या आल्या, "भाऊ, वाटनी करून घेऊ. सरहद पडून राह्यली. उद्या नाक्यावर पडदे अडवले तं?"

रंगवलेल्या कापडाला कोण अडवतो? "कोन सांगाव," म्हणे. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! मी इतका चिडलो की धड चहाही विचारला नाही. बस सुटल्यावर वाईट वाटलं. पंधरा-वीस वर्षांची दोस्ती.

१९ ऑक्टोबर

झाली वाटणी. दोन्हीकडचे पंच माझ्या दुकानामागच्या खोलीत. राजवाड्याचा पडदा त्यांना, जंगलाचा आम्हाला. मुकुट तिकडे, दाढ्या-जटा इकडे. इथवर सोसलं.

मग हातानं उतरवलेल्या नकला. नाटक आपल्याच लोकांनी रचलेलं, छापलेलं नाही. मूळ बाड वाळवीनं खाल्लं. उरल्या त्या ज्याच्या त्याच्या पार्टाच्या नकला. पंचांनी दोन सारखे ढीग केले. राजा, प्रधान, सेनापती किनवटला. राणी, ऋषी, दासी तामसीला. म्हटलं, अहो, राणीनं इथं विचारायचं आणि राजानं किनवटात उत्तर द्यायचं? "बराबर वाटलं ना? मंग झालं." दार एकाला, चौकट दुसऱ्याला!

खरं लिहायचं तर घरी येताना जरा बरंही वाटलं. आता भाऊबिजेच्या नाटकाला झक मारत एकत्र यावं लागेल.

२७ ऑक्टोबर

गाडीवाल्याबरोबर किनवटला निरोप धाडला होता, नकला घेऊन या. उत्तर आलं, "तुमीच या." किसनला म्हटलं, चल, आपण जाऊ. "राणी काऊन जाईन? राजानं याव."

दोन्हीकडे दगड.

१ नोव्हेंबर

आजपासून आम्ही आंध्र प्रदेशात, किनवट मुंबई राज्यात. दुकान उघडलं. गिऱ्हाईकं तीच, उधारी मागायची तऱ्हा तीच. दिवसभर सगळ्यांवर खेकसलो.

४ नोव्हेंबर, भाऊबीज

नाटक नाही. देवळापुढे मांडव नाही. माहेरी आलेल्या पोरी विचारून विचारून थकल्या.

संध्याकाळी किसन आला. "भाऊ, तुमाले तं सगळं नाटक पाठ हाय. राजाचं सांगा, म्या उतरून घेतो. किनवटवाल्यायची गरजच काय?"

पाठ आहेच. इतकी वर्षं पडद्याआड उभा राहून अडलेल्याला शब्द देतोय, प्रत्येकाचा पार्ट माझ्या जिभेवर आहे. पण सांगितलं की तामसीचं नाटक पुरं, आणि किनवटचं तोंड बघायचं कारण संपलं. म्हटलं, आठवत नाही रे.

"येते ते लपवाचं नाही, तुमीच म्हनत होते ना?"

वय झालं, म्हटलं. तो गेल्यावर बायको, सगुणा, आतून म्हणाली, "खोटं बोलाले वय आड येत नाही वाटते."

११ नोव्हेंबर

गावभर झालं. "भाऊ, मिठाचा भाव तरी आठवते काय?" रोज कुणीतरी. डोकं उठलंय.

सगुणा म्हणते, सांगून टाका. गावाचं नाटक आहे, तुमच्या बापाचं नाही. म्हटलं, सांगितलं तर संपलं. "अन् नाही सांगतलं तं?"

तेही संपलंच. मग जेवलो नाही.

१८ नोव्हेंबर

दुपारी नागोराव दारात. जीव हरखला. म्हटलं, आला शेवटी! तर पिशवीतून कोरी वही काढली. राणीचं आणि ऋषीचं सांग म्हणाला. त्यालाही तेच, आठवत नाही.

वाद घातला नाही. भाकरी खाल्ली, पाणी प्याला, ओट्यावर उभा राहिला आणि शेवटच्या प्रवेशातलं राजाचं भाषण सुरू केलं. "राणी, राज्य दिलं, मुकुट दिला, आता या हातात..." आणि थांबला. मी गूळ तोलत होतो. "आता या हातात..." नागोराव या वाक्यावर झोपेतही अडायचा नाही. मी ओठ आवळले. पण समोर माणूस अडला की माझ्याच्यानं राहवत नाही.

"तुझा हात तेवढा उरला," मी बोलून गेलो.

गिऱ्हाईक हसलं. नागोराव हसला नाही, मटकन खाली बसला. "भाऊ, किनवटात बोंब हाय का तुह्यं डोकं गेलं. बसमधी रडू येऊन राह्यलं होतं मले. वही तं निमित्त." मग चिडून, "आठवते तं सांगत काऊन नाही?"

सांगितलं तर तू परत कशाला येशील, म्हटलं.

तेवढ्यात बघतो तर किसन दारात, बगलेत वही. सगळं ऐकलं असणार. त्यानं एक पोतं ओढलं आणि नागोरावाच्या शेजारी बसला.

हे लिहितोय तोवर नागोरावाची बस गेली. उठला नाही. राणीचं किसनला येतं, राजाचं नागोरावाला येतं. दोघांत हातभर अंतर नाही. एकमेकांकडे तोंड करून म्हणायला काय हरकत आहे? पण नाही. वह्या उघडून दोघंही माझ्याच तोंडाकडे बघत बसलेत.