समई असेतोवर मशीन बंद

१२ जून २०२४
मशीन आलं! हवेतला ऑक्सिजन गोळा करून नळीनं यांच्या नाकात सोडतं. तीस वर्षं मागावर सुताची धूळ खाल्ली, फुफ्फुसं गेली. बसवणाऱ्यानं बजावलं — चालू असताना खोलीत ज्योत नको. शेगडी लगेच मागच्या पडवीत नेली. पण देव कसे हलवायचे? सासूबाईंनी बसवलेले. हे म्हणाले, "तू लाव की समई. तेवढा वेळ मी नळी काढतो."

१७ जून
सिद्धरामेश्वराला नवस बोलले. यांच्या श्वासासाठी एकशे आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास समई लावून जप. चहा सोडला.

४ जुलै
काल आमची सुकन्या यांना तपासणीला घेऊन गेली. मी जपाला बसलेली. आल्यावर हे म्हणाले, "झकास चाललंय म्हणतात." लेक मात्र घोटभर पाणीही न घेता कुंभारीला, सासरी गेली.
आज जप चालू असताना मागून यांचा आवाज — "अगं, देवाला म्हणावं आटप, नवऱ्याचा पंप बंद हाय!" हसू आलं. माळ चुकली. पुन्हा पहिल्यापासून.

२१ ऑगस्ट
यांचे पाय सुजलेत. चपलेत जात नाहीत. "दम लागत न्हाय, मग घाबरतीस कशाला?" संध्याकाळी एक माळ जास्त केली.

२९ ऑगस्ट
दवाखाना. मीही गेले.
डॉक्टर मॅडमनी कागदावर फुफ्फुस काढून दाखवलं. जिथं ऑक्सिजन कमी, तिथल्या रक्ताच्या नळ्या आपोआप आवळतात. हवा नाही तिथं रक्त कशाला पाठवायचं? मला लगेच पटलं — रिकाम्या खोलीतला दिवा मीही बंदच करते. "पण यांच्या सगळ्या फुफ्फुसातच कमी आहे. मग सगळ्याच नळ्या आवळतात. त्यातून रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू फुगली. म्हणून पाय सुजले."
मी म्हटलं, दम तर लागत नाही. "नळ्या दमाची वाट बघत नाहीत, मावशी. दिवसातून पंधरा तास तरी मशीन हवंच. सांगितलं होतं ना?"
हे घाईनं म्हणाले, "माझ्याच ध्यानात न्हाय राहिलं, मॅडम."
घरी येऊन तास मांडले. झोपेतले सात. दुपारचे दोन. नऊच! सहा कमी, त्यातले चार तास माझ्या समईचे. वर चुकलेल्या माळा. त्यांच्या श्वासासाठी बसले आणि त्यांचाच श्वास काढून घेतला. देवा, तू तरी अडवायचंस!

३० ऑगस्ट
देव पडवीत नेले. पाच मिनिटं लागली. पाच मिनिटं!

७ सप्टेंबर
मशीन दिवसरात्र चालू. सूज उतरत नाही. ओठ निळसर. पडवीत समई लावते, पण जप ओठावर येत नाही. हे विचारतात, "आज आवाज न्हाय आला तुझा?"

१४ सप्टेंबर
हे गेले. सकाळी सव्वासहाला. मशीन तसंच चालू होतं. बंद करायला माझा हात होईना. शेवटी सुकन्यानं केलं.

२२ सप्टेंबर
सगळ्यांना सांगते — मी मारलं त्यांना. शेजारची अंबुबाई माझ्या तोंडावर हात ठेवते.

२७ सप्टेंबर
सुकन्या आज माझ्या पायाशी बसून बोलली. जुलैतच डॉक्टरांनी त्या दोघांना पंधरा तासांचं सगळं सांगितलं होतं. यांनी रिक्षातच तिला शपथ घातली — "आईला बोलू नको. देवापुढं बसती तेवढाच वेळ ती रडायची थांबती."